पूर्ण नाव काय तुमचं?

फाट्यावर उतरलात की घाई करू नका. लातूरची गाडी यायला अजून तासभर आहे. साल १९७३, जून संपत आलाय. मागचं वर्ष दुष्काळानं खाल्लं. सुकडी आणि लाल मिलो खाऊन माणसं जगली, खडी फोडून फोडून बायकांचे हात सोलवटले. आता आभाळ भरून आलंय, काळ्या रानातून ओला वास येतोय. तुम्ही सतरा वर्षांचे आहात. हातात पत्र्याची पेटी, अंगात थोरल्या चुलतभावाचा सदरा, खिशात शाळा सोडल्याचा दाखला चार घड्या घालून ठेवलेला. लातूरला कॉलेजात नाव घालायला निघालात. तुमच्या घरात याआधी कुणी नाव घातलं ते गावच्या शाळेत, आणि तेही चौथीला निघालं.

हॉटेल म्हणजे मागं मातीची भिंत, पुढं दोन मेढी, वर पत्रा. भट्टीवर चहा उकळतोय. मालक तुमच्या बापाच्या वयाचा. तुमच्याकडं बघून तो हसतो.

"कुण्या गावचा रं?"

मुखेडच्या बाजूचं गाव तुम्ही सांगता.

"कुणाचा?"

बापाचं नाव सांगता.

"पुरं नाव सांग की."

इथं जीभ जरा अडते. आडनाव सांगितलं की पुढं काय होणार हे तुम्हाला पाठ आहे. तरी सांगता. मालक हसायचा थांबत नाही. फक्त फळीवरच्या कपाकडं गेलेला हात मागं घेतो आणि हनुवटीनं भिंतीच्या बाहेरच्या अंगाचा कोनाडा दाखवतो.

कोनाड्यात एक कपबशी पालथी घातलेली आहे. कपाचा कान तुटलेला. बशीला चीर, आणि त्या चिरेत चहाचा काळपट डाग बसलेला. कप तुम्ही उचलायचा, त्यानं वरून पाणी सोडायचं, तुम्ही विसळायचा, त्यानं वरून चहा ओतायचा. त्याचा हात कुठंही त्या कपाला लागत नाही आणि वीतभर उंचीवरून ओतूनही थेंब बाहेर पडत नाही. किती वर्षांचा सराव असेल या हाताला! चहा बाहेरच्या दगडावर बसून प्यायचा, कपबशी धुऊन पुन्हा कोनाड्यात पालथी घालायची. राज्यघटनेच्या सतराव्या कलमानं अस्पृश्यता संपवल्याला तेवीस वर्षं झाली, ती पाळणं गुन्हा ठरवणारा कायदा येऊन अठरा. तुमच्या आधी या कोनाड्यातला कप कुणी उचलला असेल, हे तुम्हाला त्या दगडावर बसल्यावर कळतं. दगड गुळगुळीत झालाय.

लाल डबा येतो. लातूर अजून उस्मानाबाद जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव आहे, जिल्हा व्हायला नऊ वर्षं आहेत. राजर्षी शाहूंच्या नावाचं कॉलेज तीन वर्षांपूर्वी निघालंय. प्राचार्य जनार्दन वाघमारे इंग्रजीचे. ते अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या साहित्याचा अभ्यास करतात, मराठीत त्यावर लिहितात. पुढे 'अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती' हे त्यांचं पुस्तक होणार आहे. (मराठीत तेव्हा हाच शब्द चालत होता. काळे लोक स्वतःही आधी तो वापरत होते, मग त्यांनीच तो टाकून दिला.) औरंगाबादहून गंगाधर पानतावण्यांचं 'अस्मितादर्श' निघतं. म. ना. वानखडे अमेरिकेत शिकून परत आल्यापासून तिथल्या काळ्या लेखकांविषयी बोलत आलेत. मुंबईत गेल्या वर्षी नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार आणि त्यांच्या सोबत्यांनी दलित पँथर काढली. नाव घेतलं ते ओकलंडच्या ब्लॅक पँथरवरून. ती संघटना ह्यू न्यूटन आणि बॉबी सील या दोघांनी १९६६ साली उभी केली होती. हे सगळं लातूरच्या एका वाचनालयाच्या टेबलावर तुमच्यापुढं येऊन पडतं.

वाचता वाचता एका जागी तुम्ही थांबता. १ फेब्रुवारी १९६०, नॉर्थ कॅरोलायनातलं ग्रीन्सबरो. कॉलेजातली चार काळी पोरं वूलवर्थच्या दुकानात जातात आणि खाण्याच्या काउंटरवर बसून कॉफी मागतात. त्या दुकानात काळ्या माणसाला वही-पेन्सिल, साबण मिळतो, पण त्या काउंटरवर बसून कॉफी मिळत नाही. पोरं उठत नाहीत. दुसऱ्या दिवशी जास्त पोरं येऊन बसतात, तिसऱ्या दिवशी त्याहून जास्त. तुम्हाला फाट्यावरचा दगड आठवतो. मग महाड आठवतं. २० मार्च १९२७, चवदार तळं. ग्रीन्सबरोच्या आधी जवळजवळ तेहतीस वर्षं आपल्या माणसांनी ओंजळभर पाण्यासाठी तेच केलं होतं.

तुमच्या लक्षात येतं की ही ओळख जुनी आहे. बरोबर शंभर वर्षांपूर्वी, १८७३ साली, जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना. बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात होते, आणि काळ्या लोकांची हार्लेम वस्ती तिथून पायी जाण्याच्या अंतरावर. १९४६ च्या जुलैत त्यांनी डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांना पत्र लिहिलं. तिथल्या काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांपुढं अर्ज केल्याचं त्यांच्या वाचनात आलं होतं, त्या अर्जाच्या प्रती त्यांनी मागवल्या. हिंदुस्थानातल्या अस्पृश्यांनाही तसंच करायचा विचार आहे, असं कळवलं. दु बॉइसनी त्याच महिन्यात उत्तर धाडलं.

आणि नावाचं तर काय सांगावं. माल्कम लिटल नावाच्या माणसानं आपलं आडनाव टाकून दिलं, कारण ते त्याच्या पूर्वजांना विकत घेणाऱ्या मालकाचं होतं. खरं आडनाव कुठं हरवलं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या जागी त्यानं फुली मारली, आणि जग त्याला माल्कम एक्स म्हणू लागलं. आपल्या मराठवाड्यालाही हे परकं नाही. १६१० साली खडकी वसवणारा मलिक अंबर, ज्या खडकीचं पुढं औरंगाबाद झालं, तो इथिओपियात जन्मला आणि गुलामांच्या बाजारात विकला गेला. त्याचं जन्मनाव चापू होतं असं सांगतात. अंबर हे मालकानं ठेवलेलं नाव.

आता पाच वर्षं पुढं या. आता तुम्ही त्या पोराची धाकटी बहीण आहात, नऊ वर्षांची. या घराला मी नाव दिलेलं नाही. नांदेड जिल्ह्यात तेव्हा अशी घरं किती होती, त्यातलं एक समजा.

२७ जुलै १९७८. मुंबईत विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी ठराव केला की मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचं. शरद पवार मुख्यमंत्री होऊन दहा दिवसही झालेले नाहीत. तुमच्या बौद्धवाड्यात एक रेडिओ आहे, त्याच्याभोवती माणसं जमलीत. कुणीतरी लाडू वाटायचं म्हणतं. तुमचा बाप म्हणतो, थांबा जरा, गाव काय म्हणतंय ते बघू.

गाव काय म्हणतंय ते दोन-तीन दिवसांत कळतं. नांदेड-परभणीकडून बातम्या येतात. एसट्या पेटल्या, तारा तुटल्या, रस्ते अडवले. शहरात विद्यार्थ्यांचा मोर्चा होता, खेड्यात पोहोचेपर्यंत त्याचा जथा झाला. संध्याकाळी शेजारच्या गावातून धूर दिसतो. आई काही बोलत नाही. चुलीवरची भाकरी तव्यासकट खाली ठेवते, धाकट्याला काखेत मारते आणि तुमचं मनगट धरते.

रात्र तुम्ही ज्वारीत काढता. हायब्रीड कमरेएवढी आलीय. बसलं तर डोकं दिसेल, म्हणून सगळे चिखलात आडवे पडलेत. पानांच्या कडा धारदार असतात, गालावर, मानेवर बारीक चरे उठतात आणि पावसाचं पाणी त्यात झोंबतं. धाकटा रडायला लागला की आई त्याच्या तोंडावर पदर दाबते, मग घाबरून काढते, पुन्हा दाबते. वाड्याकडून आवाज येतात, भांडी फेकल्याचे. मग उजेड होतो. मग वास येतो. कणगीतली ज्वारी जळते तेव्हा लाह्या भाजल्यासारखा वास सुटतो. तुम्हाला भूक लागलेली आहे, आणि त्या वासानं तोंडाला पाणी सुटतं. ही गोष्ट तुम्ही पुढं आयुष्यभर कुणाला सांगणार नाही.

इथं जरा थांबून एक बोललं पाहिजे. नामांतराला विरोध करणाऱ्यांत निजामाशी लढलेली मोठी माणसं होती. गोविंदभाई श्रॉफांसारख्या माणसाला वाटत होतं की 'मराठवाडा' या शब्दात मुक्तिसंग्राम आहे, तो पुसू नये. हे म्हणणं सभेत मांडण्याजोगं होतं आणि सभेतच त्याला उत्तर देण्याजोगं होतं. पण ज्या घरातून आजवर कुणी विद्यापीठाचं तोंड पाहिलं नव्हतं, ते घर विद्यापीठाच्या नावासाठी का पेटलं? कारण खेड्यात राग नावापुरता नव्हताच. मेलेली ढोरं ओढायला माणसं येईनाशी झाली होती. सालदार मजुरी बोलून घेऊ लागला होता. दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीनांच्या सत्याग्रहापासून गायरानावर नांगर चालू लागले होते. शिष्यवृत्तीवर शिकलेलं पोर पँट घालून गावात यायचं आणि खुर्ची दिसली की बसायचं. हा सगळा साठलेला राग त्या आठवड्यात काडीला लागला. एस. एम. जोशींसारखे, बाबा आढावांसारखे लोक नामांतराच्या बाजूनं उभे राहिले, त्यांनी शिव्या सोसल्या, हेही इथंच लिहून ठेवतो.

४ ऑगस्टला टेंभुर्णीत काय झालं, तिथं मी तुम्हाला नेणार नाही. ते बघण्याची गरज नाही, माहीत असण्याची आहे. पोचीराम कांबळे मातंग समाजाचे. 'जय भीम' म्हणणं सोड, असं त्यांना सांगितलं गेलं आणि त्यांनी सोडलं नाही, असं त्या भागात आजही सांगतात. त्यांना हालहाल करून मारलं, जाळलं. नामांतर हा एकाच जातीचा हट्ट आहे, असं म्हणणाऱ्यांना त्यांच्या मरणानं कायमचं उत्तर दिलेलं आहे.

ज्वारीतल्या त्या रात्रीनंतर तिसऱ्या दिवशी तुम्ही अंगावरच्या कपड्यांनिशी नांदेडला पोहोचता. दिवसा पांदीत, रात्री वाटेनं. गोदावरी दुथडी आहे. ओळखीचं कुणी सापडत नाही, म्हणून बाप तुम्हाला सचखंड हुजूर साहिबकडं नेतो. १७०८ साली गुरू गोविंदसिंगांनी इथं देह ठेवला. लंगरात पंगत बसलीय. आई दारातच अवघडून उभी राहते. ती वाट बघतेय की आता कुणीतरी विचारेल. कुणी विचारत नाही. एक म्हातारे सरदारजी हातानंच बसा म्हणून खुणावतात, पुढ्यात ताटं येतात, ताटात डाळ आणि रोटी. आई घास हातात घेऊन बराच वेळ तशीच बसते. पलीकडं एक लांबचा यात्रेकरू, अलीकडं तुम्ही, आणि ताटं सारखीच.

महिन्याभरानं पंचनाम्यासाठी माणूस येतो. पूर्ण नाव? बाप सांगतो. काय काय गेलं? आई सांगते: पितळी तांब्या एक, परात एक, जर्मनची पातेली दोन, वाकळ, कणगी, शेळी. मग ती म्हणते, पाटा. कारकून म्हणतो, पाटा दगडाचा, तो कसा जळेल. आई म्हणते, फोडला. कारकून लिहीत नाही. गावी परतल्यावर गिरणीवाला दळण घेत नाही, किराणावाला मीठ देत नाही, शेतावर कुणी बोलवत नाही. दंगल थोड्या दिवसांत शमली, बहिष्कार बरेच महिने चालला. कितीतरी कुटुंबांनी तेव्हा गाव सोडलं ते कायमचं. नांदेडच्या, पुण्याच्या, मुंबईच्या, निजामाबाद-हैदराबादच्या वस्त्यांत आजही विचारून बघा, आजोबा इथं कधी आले? बरीच उत्तरं अठ्ठ्याहत्तरपाशी येऊन थांबतात. स्थलांतर म्हटलं की आपण पाऊस मोजतो. माणसांनी माणसांना हाकललं, तेही मोजायला हवं.

सात वर्षं गेली. तुम्ही तीच मुलगी, सोळा वर्षांची, लग्न झालेली. दसरा झालाय. फाट्यावर, त्याच फाट्यावर, ट्रक लागलाय. मुकादमाकडून नवऱ्यानं उचल घेतलीय. मुकादम वहीत लिहितो: एक कोयता. कोयता म्हणजे जोडी, नवरा आणि बायको मिळून एक. वहीत नवऱ्याचं नाव आहे, तुमचं नाही. सहा महिने पहाटे चारला उठून फडात जायचं, त्यानं तोडायचं, तुम्ही मोळ्या बांधायच्या आणि डोक्यावरून गाडीत चढवायच्या. राहायला उसाच्या पाचटाची कोपी, वाकून आत शिरायचं. आजारी पडून एक दिवस चुकला तर खाडा, आणि खाड्याचे पैसे कापून. पोटुशा असलात तरी मोळीचं वजन तेच. हिशेब होतो तेव्हा उचल फिटलेली नसते. उरलेली पुढच्या हंगामावर चढते.

परराज्यात नेलेल्या मजुरांसाठी संसदेनं १९७९ साली कायदा केला होता. त्यात लिहिलं होतं की कंत्राटदारानं प्रत्येक मजुराला पासबुक द्यावं, त्यावर त्याचा फोटो असावा. म्हणजे कायद्याला त्या माणसाचं नाव आणि चेहरा हवा होता. पण मुखेडचा माणूस कोल्हापुरात गेला तर तो परराज्यात गेला नाही, म्हणून त्याला हा कायदा लागूच नव्हता. कर्नाटकात गेला तर लागू होता. तुम्ही दोन हंगाम कर्नाटकातल्या कारखान्यावर काढले. तसलं पासबुक तुम्ही कधी पाहिलं नाही.

तुमचा भाऊ मात्र शिकला. तो नांदेडला मास्तर झालाय. २५ नोव्हेंबर १९९३ ला तुम्ही तो व्हा. ठरावाला पंधरा वर्षं होऊन गेलीत, नाव अजून कागदावर आहे. १९७९ साली जोगेंद्र कवाड्यांनी नागपूरच्या दीक्षाभूमीवरून लाँग मार्च काढला, हजारो लोक चालत निघाले, तुरुंग भरले, तरी नाव कागदावरच. दुपारी वर्गावर असताना कुणीतरी धावत येऊन सांगतं: गौतम वाघमारे या तरुणानं नांदेडात स्वतःला पेटवून घेतलं. तुम्ही फळ्याकडं तोंड करून उभे राहता, कारण पोरांनी तुमचा चेहरा बघू नये.

त्या मरणाचं मला कौतुक करवत नाही. एखाद्या तरुणाला आपलं म्हणणं ऐकू जावं म्हणून जीव द्यावा लागतो, याची लाज त्या काळच्या प्रत्येक सरकारनं आणि गप्प बसलेल्या प्रत्येकानं वाटून घ्यायला हवी होती. मला दोन नावं एकाखाली एक लिहावीशी वाटतात. पोचीराम हे सीमेवरच्या, तेलंगणाला लागून असलेल्या भागातलं नाव, पोचम्मा देवीवरून आलेलं. गौतम हे १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर घराघरांत आलेलं नाव. आईबापांनी आपल्या पोराला बुद्धाचं नाव ठेवलं, ते त्याला कुणी अरे-तुरे करू नये म्हणून. एक नाव जुन्या गावातलं, एक नव्या जगातलं, आणि दोघांचा शेवट एकाच लढ्यात झाला.

१४ जानेवारी १९९४, संक्रांत. सरकारनं नामविस्तार केला: डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. नामांतर मागितलं होतं, मिळाला विस्तार. तुमच्या घरी त्यावर वाद होतो. धाकटा म्हणतो, हे अर्धं आहे. आई म्हणते, पुरं नाव झालं ना आता? मग तीळगूळ आण. ज्वारीत झोपलेली बाई ती, तिच्या शब्दापुढं कुणी बोलत नाही.

त्याच वर्षी १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनी, नांदेडला विष्णुपुरीत स्वतंत्र विद्यापीठ सुरू झालं आणि त्याला स्वामी रामानंद तीर्थांचं नाव मिळालं. मुक्तिसंग्रामाचं नाव पुसलं जाईल ही भीती होती ना, ते आता एका अख्ख्या विद्यापीठावर लिहिलं गेलं. दोन्ही नावं राहिली, कुणाचं काही गेलं नाही. त्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले जनार्दन वाघमारे. नांदेड-लातूरच्या पोरांच्या पदव्यांवर पहिली सही आली ती हार्लेमचे कवी मराठीत सांगणाऱ्या मास्तरांची. इथं मला फार बरं वाटतं, आणि ते लपवायचं कारण नाही.

पुढं या. मे २०२०, कोरोनाची टाळेबंदी. नांदेड स्टेशनात शुकशुकाट आहे. परभणी, जालना, औरंगाबादकडं जाणारा हा मार्ग रेल्वेच्या नांदेड विभागाचा. ८ मेच्या पहाटे याच मार्गावर, बदनापूर आणि करमाडच्या मधे, जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करणारे मजूर रुळांवर झोपले होते. मध्य प्रदेशातल्या उमरिया-शहडोलकडचे. घरी जायला चालत निघालेले, थकलेले, आणि गाड्या बंद आहेत असं समजून आडवे झालेले. मालगाडी आली. सोळा जण गेले. रुळांवर भाकऱ्या पडलेल्या होत्या. त्यांची गावं, त्यांची नावं सरकारला कळली ती मेल्यावर.

सतरा दिवसांनी, २५ मेला, मिनिआपोलिसमध्ये एका पोलिसानं जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाच्या मानेवर गुडघा ठेवून त्याचा जीव घेतला. आपल्याकडच्या कितीतरी तरुणांनी त्याचं चित्र मोबाइलवर लावलं. चांगलं केलं. ग्रीन्सबरो वाचून ज्याला फाट्यावरचा दगड आठवला होता, त्यानंही हेच केलं असतं. मात्र करमाडच्या सोळांपैकी एकाचं नाव आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल?

आणि १ जून २०२३ ला नांदेडच्या वेशीवरच्या बोंढार हवेलीत एका तरुणाचा खून झाला. गावात पहिल्यांदा भीमजयंती काढण्यात त्याचा पुढाकार होता, असं त्याच्या घरच्यांनी सांगितलं. अॅट्रॉसिटीच्या कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला, माणसं पकडली गेली. टेंभुर्णीला तोवर पंचेचाळीस वर्षं होत आली होती.

आपण सातासमुद्रापार गेलो तरी तो पूर्ण नावाचा प्रश्न सामानात येतो. नवा मराठी माणूस ऑफिसात दिसला की आधी गाव, मग आडनाव. सिएटल शहरानं २१ फेब्रुवारी २०२३ ला जातीवरून भेदभाव करायला कायद्यानं बंदी केली, तसं करणारं ते अमेरिकेतलं पहिलं शहर. हा कायदा मांडणाऱ्या नगरसेविका क्षमा सावंत पुण्यात जन्मलेल्या. कोनाड्यातली कपबशी तिथपर्यंत पोहोचली होती, म्हणून तो कायदा लागला.

आता परत फाट्यावर उतरा. आजची तारीख. हॉटेल पक्कं झालंय, चहा कागदी कपात मिळतो, सगळ्यांना सारखा. मालक त्या म्हाताऱ्याचा नातू असेल. रस्त्यापलीकडं मोकळी जागा आहे, तिथं दसऱ्यानंतर ट्रक लागतात. मुखेड, कंधार, लोहा, जळकोट, अहमदपूर, या सगळ्या बाजूंना लागतात. ट्रकात भांडी, सरपण, कोंबड्यांची डालगी आणि पोरं चढतात. त्या पोरांचं नाव शाळेच्या हजेरीपटात असतं, पोर फडात असतं.

गावातच राहून त्यांना शिकता यावं म्हणून हंगामी वसतिगृहाची सोय आहे. त्यासाठी शाळा व्यवस्थापन समितीनं वेळेत मागणी करावी लागते, आणि मुलांची यादी द्यावी लागते. तुमचं गाव या पट्ट्यात असेल तर यंदा घट बसायच्या आत शाळेत जा. कुणाकुणाची आई कोयत्यावर जाणार आहे ते विचारा आणि यादी करा. मुलाचं नाव लिहा, आणि त्यापुढं आईचंही लिहा.